आठ माणसांची जागा

घाबरू नका, असं मी तुम्हाला सांगायला हवं. माझ्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला मामा तेच सांगायचे. पण खरं बोलायचं तर या इमारतीतली सगळ्यात भित्री मीच आहे. मी सरकारी इस्पितळातली जुनी लिफ्ट. जिना गोल गोल वर चढत जातो ना, त्याच्या मधोमध लोखंडी गजांचा एक उभा पिंजरा आहे. त्यात माझा डबा टांगलेला असतो. वर गच्चीवरच्या खोलीत माझं यंत्र, खाली अंधारा खड्डा आणि मध्ये मी. जिचा सगळा जन्म दोरावर लोंबकळण्यात गेला, तिनं भ्यायचं नाही तर कोणी?

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथल्या कारागिरांनी मला पहिल्यांदा टांगलं तेव्हा माझ्यात वाळूची पोती भरली. एकावर एक ठेवत गेले. माझे दोर करकरले, अंग शहारलं, आणि मला वाटलं, आता संपलं. तेव्हा एक वयस्क कारागीर म्हणाला, "बास. हिला एवढंच झेपतं. यापेक्षा जास्त कोणी लादू नये." मग त्यानं माझ्या आत, दाराच्या वर, पितळेची एक पाटी बसवली. 'फक्त आठ माणसं.'

ती पाटी मी व्रतासारखी पाळत आले. म्हणजे पाळली मामांनी. मी फक्त त्यांच्या भरवशावर राहिले.

मामा म्हणजे माझे लिफ्टमन. ते कोणाचे सख्खे मामा होते कोण जाणे. इस्पितळात मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. कोपऱ्यात त्यांचं लाकडी स्टूल, स्टुलाशेजारी पितळी मुठीचं हँडल. सकाळी आल्यावर ते आधी माझं जाळीचं दार फडक्यानं पुसत. मग कोणालाही न घेता मला एकदा वर नेऊन खाली आणत. कान देऊन ऐकत. कुठं कुरकुर आहे का, कुठं खरखर. "काय गं, झोप झाली का?" असं विचारत. उत्तर मी काय देणार? पण त्या रिकाम्या फेरीत माझी रात्रभराची भीती उतरून जायची.

माणसं मी खूप पाहिली. वर जाणारी माणसं छताकडे बघतात, खाली येणारी आपल्या पायांकडे. स्ट्रेचरबरोबर आलेली माणसं मामांकडे बघत. "बरं होईल ना हो?" असं त्यांनाच विचारत, जणू हँडल फिरवणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. मामा म्हणायचे, "वर डॉक्टर आहेत, डॉक्टरांच्या वर देव आहे. आपली धाव पाचव्या मजल्यापर्यंत." त्या घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जरासं हसू यायचं. तेवढं पुष्कळ असतं.

एकच बाई माझ्यात कधी चढायची नाही. ती म्हणजे मामांची बायको, आमची मामी. दुपारी डबा घेऊन यायची. मामा कोणत्याही मजल्यावर असले तरी जिन्यानं चढून तिथं यायची, धापा टाकत. आधी माझ्या दाराला हात लावून डोळे मिटायची, मग डबा द्यायची.

"अगं, चढ की आत. मी आहे ना."

"तुम्ही आहात हो. पण दोर काय तुमच्या हातात आहेत?"

मला तिचा कधी राग आला नाही. भिणारं माणूस दुसऱ्या भिणाऱ्याला ओळखतं. ती माझ्या दाराला हात लावायची ना, तेव्हा तिच्या बोटांतली थरथर मला कळायची, आणि माझी तिला.

वर्षं गेली तसं इस्पितळ म्हातारं होत गेलं. माझ्या शेजारी, जिन्याच्या पलीकडे, आणखी एक लिफ्ट होती. मला जावेसारखी. तिचा लिफ्टमन निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी आलंच नाही. तिच्या दाराला कुलूप लागलं. मग तिच्यात मोडक्या खाटा ठेवल्या. मी रोज ते कुलूप बघायची आणि वाटायचं, पुढची पाळी माझी.

माणसांचंही तेच झालं होतं. एका सिस्टरकडे दोन-दोन वॉर्ड. आयाबाई रजेवर गेली की तिचं काम दुसरीच्या अंगावर. मोठ्या सिस्टर म्हणजे सगळ्या नर्सच्या प्रमुख. उंच, बारीक, बोलायला तुटक, पण मनानं मऊ. त्या माझ्यातून वर जाताना एकदा मामांना म्हणाल्या, "मामा, तुमच्या लिफ्टला पाटी आहे. आम्हाला नाही. आमच्यावर कितीही लादा."

त्याच सिस्टरांनी संप पुकारला. मागणी साधी होती. रिकाम्या जागा भरा, माणसं द्या.

फाटकाजवळ मांडव पडला, सतरंज्या अंथरल्या. मी भ्याले. वाटलं, आता माझ्याही दाराला कुलूप. पण पहिल्याच दिवशी सिस्टरांनी मांडवात उभं राहून नियम सांगितला, तो मामांनी मला येऊन सांगितला. अपघात विभाग चालू राहील. लेबर रूम चालू राहील. चौथ्या मजल्यावरचं ऑपरेशन थिएटर चालू राहील. तिथं संपवाले पाळीपाळीनं काम करतील. आणि लिफ्ट चालू राहील, कारण लेबर रूम तळमजल्यावर आणि थिएटर चौथ्यावर. मामांनी बाहीवर काळी फीत बांधली. "एक हात संपावर," ते हँडलवर हात ठेवत म्हणाले, "एक हात कामावर."

मामी त्या दिवसांत फार घाबरलेली असायची. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दिवस अगदी भरत आले होते. डबा घेऊन आली की माझ्या दाराशी उभी राहून हळू आवाजात सगळं बोलायची.

"मी साखर सोडलीय," तिनं एकदा सांगितलं. "संप सुखरूप मिटू दे, लेक सुखरूप सुटू दे. तोवर जिभेवर गोड ठेवणार नाही."

मामा हसले. "देवाला काय पडलंय तुझ्या साखरेचं?"

"देवाला नाही, मला पडलंय. म्हणून तर सोडली. न आवडणारं सोडायला व्रत कशाला हवं?"

मग संपात पुढारी आले.

पहिले आले ते कायम हसत असायचे. मांडवात शिरताना हसले, सतरंजीवर बसताना हसले, सिस्टर रिकाम्या जागांबद्दल सांगत होत्या तेव्हाही हसतच मान डोलावत होते. आयाबायांनी त्यांना हसरेसाहेब नाव ठेवलं. त्यांनी जाहीर केलं की आजपासून त्यांचा पक्ष संपात सामील आहे. दुसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाचे आले. त्यांचा आवाज असा की पाचव्या मजल्यावरची तावदानं थरथरायची. त्यांचं नाव पडलं गडगडेसाहेब. त्यांनी सांगितलं की त्यांचा पक्ष तर पहिल्यापासूनच सामील आहे, फक्त सांगायचं राहिलं होतं.

संपवाल्यांपैकी काहींना बरं वाटलं. एक वॉर्डबॉय माझ्यात म्हणाला, "आता तरी वर कोणी ऐकेल."

"ऐकतील," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पण कोणाचं, ते बघायचं."

मला मात्र धडकी भरली. मांडवाच्या दोन टोकांना दोन कर्णे लागले. एक थांबला की दुसरा सुरू. वॉर्डांच्या खिडक्या भर उकाड्यात बंद कराव्या लागल्या. फाटकाशी पोलीस उभे राहिले. संपवाल्यांपेक्षा अनोळखी माणसंच जास्त दिसायला लागली. ती रुग्णांसाठी आली नव्हती, आणि रुग्ण येताना दिसले तर बाजूलाही होत नव्हती. मामा स्टुलावरून उठायचेच नाहीत. हँडलवरचा हात ते क्षणभरही काढायचे नाहीत.

तो दिवस सांगायचा म्हणजे मला अजून कापरं भरतं.

सकाळीच मामांच्या लेकीला कळा सुरू झाल्या आणि मामी तिला घेऊन आली. लेबर रूमच्या बाहेरचं बाकडं माझ्या दाराच्या अगदी समोर. मामी तिथं बसली, पदराचं टोक मुठीत धरून, ओठ हलत होते. मामा प्रत्येक फेरीला खाली आले की भुवया उंचावून विचारायचे. ती मान हलवायची. अजून नाही.

त्याच दिवशी पाचव्या मजल्यावर अधीक्षकांना निवेदन द्यायचं ठरलं होतं. मोठ्या सिस्टर, एक आयाबाई, एक वॉर्डबॉय आणि दोन साहेब. पाच जण. मामा सहावे. मी मनात हिशेब केला, ठीक आहे, झेपेल.

पण साहेब काय एकटे येतात? हसरेसाहेबांच्या मागे त्यांचे कार्यकर्ते, गडगडेसाहेबांच्या मागे त्यांचे. दोन्हीकडचे माझ्या दारातून एकदमच आत घुसले. कारण एका साहेबांनी दुसऱ्यांच्या आधी वर पोचता कामा नये. खांद्याला खांदा, पोटाला पाठ. माझे दोर करकरले. कारखान्यातली ती वाळूची पोती मला आठवली. पण पोती तरी शहाणी, ती एकमेकांना ढकलत नाहीत.

"आठ माणसं, साहेब," मामा म्हणाले. "फक्त आठ. बाकीच्यांनी उतरा."

"त्यांची उतरू देत."

"आम्ही का? तुम्ही मागून आलात."

"मागून? अहो, संपात कोण मागून आलं, साऱ्या गावाला माहितीय."

"हो ना, म्हणून तर गाव तुम्हाला हसतंय."

कोणी हलेना. उतरायचं म्हणजे संप समोरच्याच्या पदरात टाकायचा, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. तेवढ्यात एक फोटोग्राफर धावत आला. त्याला आत घेणं भागच होतं, नाहीतर वर गेल्याचा उपयोग काय? जागा करायला हवी होती. एका कार्यकर्त्याची नजर मामांच्या स्टुलावर पडली.

"मामा, तुम्ही उतरा ना."

"मी उतरलो तर लिफ्ट कोण चालवणार?"

"तुमचा तर संप आहे. मग तुम्ही कशाला राबताय? आम्ही चालवतो. तुमच्यासाठीच तर चाललोय सगळे."

आत हशा पिकला. मामांनी हँडलवरची पकड सोडली नाही. मग म्हणाले, "लेबर रूममध्ये बाई अडलीय. लिफ्ट कधीही लागेल." ती बाई कोण, हे त्यांनी सांगितलं नाही.

"हे काय, वर सोडलं की लगेच परत."

त्यांचा हात कोणीतरी हँडलवरून उचलला. दांडगाईनं नाही. प्रेमानं, खांद्यावर थोपटत, जसं घरातल्या म्हाताऱ्याला बाजूला बसवतात तसं. स्टूल बाहेर गेलं, मामा बाहेर गेले. दाराशी उभ्या मोठ्या सिस्टर, आयाबाई आणि वॉर्डबॉय तर आत शिरलेच नव्हते. ज्यांचा संप, ते सगळे बाहेर. आत उरले सामील झालेले.

दार ओढलं गेलं आणि मी निघाले.

मामांशिवाय मी आजवर कधी हलले नव्हते. हँडलवर अनोळखी हात, तोही घामेजलेला. मी वर चढत होते आणि खाली मामी उभी राहिलेली दिसत होती, तिचा हात तोंडावर. पहिला मजला गेला. दुसरा गेला. पुढं जिन्याचं वळण येतं, दोन मजल्यांच्या मधलं. तिथं आतल्या कोणाचा तरी तोल गेला, सगळा घोळका दारावर रेलला आणि दार बोटभर सरकलं. दार सरकलं की मी थांबते, हा माझा स्वभाव. मी थांबले. धक्का बसला तसा हँडलवाला घाबरला आणि त्यानं मूठ एकदम उलटी ओढली. वर गच्चीवर काहीतरी फाडकन वाजलं. जळका वास माझ्या पोकळीतून खाली उतरत आला.

मग काहीच नाही. ना वर, ना खाली.

आधी शब्दाला शब्द झाले. तुमच्यामुळे, तुमच्यामुळे. मग एकानं खाली पाहिलं. गजांमधून खालचा अंधारा खड्डा त्याला दिसला असावा. तो गप्प झाला. एकेक करत सगळे गप्प झाले. कोणीतरी पुटपुटत देवाचं नाव घेऊ लागलं. गडगडेसाहेबांच्या कपाळावरचा घाम गळ्यापर्यंत आला होता, आणि हसरेसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठं गेलं ते मलाही कळलं नाही. एका जणानं दार ओढून बाहेर उडी मारायचा विचार बोलून दाखवला. माझा एक दोर हलकेच ताणला गेला. त्या क्षणी मला वाटलं, आपण पडणार. एवढ्या जिवांना घेऊन पडणार.

आणि खालून पळती पावलं ऐकू आली.

माझी पोकळी म्हणजे एक मोठी नळी आहे. खालचं बोलणं मला कानात सांगितल्यासारखं येतं. लेबर रूमच्या डॉक्टरीणबाईंचा आवाज होता. "बाळाचे ठोके कमी होतायत. आत्ताच्या आत्ता वर घ्यायला हवं. लिफ्ट आणा."

मग मामांचा आवाज आला. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"लिफ्ट नाहीये, बाई. अडकलीय."

माझा जीव दोराला होता म्हणून राहिला. ज्या एका दिवसासाठी मला चालू ठेवलं होतं, त्याच दिवशी मी भलत्यांनाच पोटात घेऊन अधांतरी लटकले होते.

मामीचा आवाज अगदी बारीक आला. "अहो, तुम्ही वर जा. ती माणसं लोंबकळतायत."

"आणि आपली लेक?"

"तिच्यापाशी मी आहे. तिला हातांवर नेऊ. पण त्यांना उतरवणारं तुमच्याशिवाय कोणी आहे का इथं? जा म्हणते ना."

मोठ्या सिस्टर फाटकाकडे धावल्या. दोन्ही कर्णे तेव्हा बंद होते, साहेब वर गेले होते ना. म्हणून त्यांचा साधा आवाजही मांडवात पोचला. "चार जण या. स्ट्रेचर उचलायचंय." चार नाही, मांडव उठून आला. वॉर्डबॉय, आयाबाया, कपडे धुणारे, स्वयंपाकघरातल्या बाया. त्यांत संपावर गेलेला वायरमनही होता. मामांनी त्याला हाताला धरून जिन्यावर ओढलं.

दोघं माझ्या बाजूनं वर पळाले. मामा वळणावर क्षणभर थांबले, गजांपाशी तोंड आणून आतल्या लोकांना म्हणाले, "दाराला हात लावू नका. हलू नका. ती पडणार नाही. मी ओळखतो तिला." आणि पुढं गेले.

ती म्हणजे मी. ते ऐकलं आणि माझ्या दोरांना धीर आला.

मग स्ट्रेचर आलं. माझ्याभोवती जिना गोल फिरतो म्हटलं ना, त्या जिन्यावरून, माझ्यातल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मामांची लेक वर येत होती. डोळे मिटलेले, ओठ पांढरे. दोन्ही बाजूंना हात, किती हात मला मोजता आले नाहीत. "सावकाश, पायरी आहे." "डोकं वर ठेवा." "मी धरलंय, तू सोड." मोठ्या सिस्टरांच्या एका हातात सलाईनची बाटली उंच धरलेली, दुसऱ्या हातानं स्ट्रेचरचं टोक. मागे मामी, लेकीचं पाऊल आपल्या हातात घट्ट धरून.

वळणाशी सगळं अडलं. जिना तिथं अरुंद आहे. स्ट्रेचर वळायला हवं तर डोक्याकडचं टोक दोन्ही हातांनी छातीच्या वर उचलायला लागणार होतं. तिथं उभं राहायला एकाच माणसाला जागा. आणि सिस्टरांच्या एका हातात बाटली. खाली ठेवता येत नाही, अडकवायला जागा नाही, आणि मागून पुढं यायला कोणाला वाट नाही.

माझा डबा नेमका त्या वळणासमोर लटकला होता. माझ्या जाळीतून आणि बाहेरच्या गजांतून एक हात बाहेर आला. मनगटापर्यंतच येत होता.

"सिस्टर, बाटली माझ्याकडे द्या."

हसरेसाहेब होते. हसत नव्हते.

सिस्टरांनी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि बाटली त्या हातात दिली. "उंच धरा. हलवू नका."

"नाही हलवत."

आणि त्याच वेळी वर गच्चीवर मामांनी वायरमनला माझा ब्रेक सोडायला सांगितला. बिचाऱ्यांना इथलं काय दिसणार? वायरमन ब्रेक धरणार, मामा हातानं चाक फिरवणार आणि मला दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरवणार, असं त्यांचं ठरलं होतं. मी खाली सरकले. नखभर. साहेबांचं मनगट माझ्या जाळीत आणि बाहेरच्या गजात होतं. आणखी वीतभर सरकले असते तर तो हात राहिला नसता. त्यांना ते कळलं. हात मागे घ्यायला क्षण पुरला असता. त्यांनी घेतला नाही.

"थांबा. वर कोण आहे? थांबा. हलवू नका."

गडगडेसाहेब. तोंड वर करून, गळ्याच्या शिरा फुगवून. तो आवाज माझ्या सगळ्या अंगातून घुमत गच्चीपर्यंत गेला. आजवर त्या आवाजानं आजाऱ्यांच्या झोपा उडवल्या होत्या. त्या दिवशी तो अगदी जिथं पोचायला हवा तिथं पोचला. ब्रेक आवळला गेला. मी जागच्या जागी थांबले.

सगळ्यात जास्त घाई होती ती आतल्या माणसांना सुटायची. पण कोणी चकार शब्द काढला नाही. दाटीत एक जण फक्त श्वास रोखून म्हणाला, "साहेब, फोटो?" फोटोग्राफरचे दोन्ही हात दोन पोटांच्या मध्ये चेपलेले होते. साहेबांनी ऐकलंच नाही. त्यांची नजर बाटलीवर होती.

सिस्टरांनी दोन्ही हातांनी टोक उचललं. स्ट्रेचर तिरपं झालं, भिंतीला घासलं, वळलं. त्याच्या मागून मामी वळणावर आली. एरवी माझ्यापासून दूर, भिंतीच्या कडेनं चढणारी मामी त्या क्षणी माझ्या गजांना खेटून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. आतल्या माणसांकडे नाही, माझ्याकडे.

"सांभाळ गं," ती म्हणाली, आणि लेकीमागे वर गेली.

बाटली सिस्टरांच्या हातात परत गेली. हात आत आला. मग गडगडेसाहेबांनी वर सांगितलं, "आता सोडा. सावकाश."

मामांनी मला चाकानं थोडं थोडं करून उतरवलं. इतकी हळू मी कधी चालले नव्हते. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा आतून कोणी धावलं नाही. "आधी तुम्ही." "नाही नाही, तुम्ही." खाली ज्यांना एकमेकांच्या आधी शिरायचं होतं, त्यांना आता आधी उतरायचं नव्हतं. दोन्ही साहेब जिन्याच्या पायरीवर शेजारी शेजारी बसले. कोणीतरी पाणी आणून दिलं. एकाच भांड्यातलं दोघं प्यायले.

मी रिकामी लटकले होते, आणि माझं सगळं लक्ष चौथ्या मजल्यावर. मामा गच्चीवरून खाली थिएटरच्या दाराशी आलेले मला पावलांवरून कळलं. मामीची पावलं तिथंच होती. नंतर पावलं थांबली. इमारतीत एवढी शांतता त्या संपात पहिल्यांदाच होती. मी देवाला एकच म्हणत होते, माझ्यामुळे नको.

मग माझ्या पोकळीतून एक आवाज खाली आला. आधी खोकल्यासारखा, मग चिडका, मग चांगला खणखणीत. माझ्या आयुष्यात एवढं गोड काही माझ्यातून उतरलं नाही. मामांना नात झाली होती.

पायरीवर बसलेले गडगडेसाहेब हळूच म्हणाले, "कोणाची लेक होती ती?"

"लिफ्टमनची," वॉर्डबॉय म्हणाला. "ज्यांना तुम्ही उतरवलंत, त्यांची."

थोड्या वेळानं मोठ्या सिस्टर निवेदन घेऊन पाचव्या मजल्याकडे जिन्यानं निघाल्या. साहेब उठले आणि त्यांच्या मागून चालू लागले. मागून, एवढं मात्र मी पाहिलं.

सगळं एका दिवसात बदललं असं मी म्हणणार नाही. कर्णे पुन्हा वाजले, जरा कमी. संप आणखी काही दिवस चालला आणि मिटला. सगळ्या जागा भरल्या नाहीत, पण बऱ्याच भरल्या. नव्या सिस्टर आल्या, नव्या आया आल्या. दोन्ही साहेबांनी आपापल्या भाषणात संप आपणच मिटवल्याचं सांगितलं. मामांना कोणीतरी ते ऐकवलं तेव्हा ते हसून म्हणाले, "बाटली धरली होती एकानं, हाक मारली होती दुसऱ्यानं. तेवढं खरं आहे. बाकीचं त्यांचं त्यांना लखलाभ."

संप मिटला त्या दुपारी मामी चहाची किटली घेऊन आली. माझ्या दाराशी उभी राहून तिनं पहिला गोड घोट घेतला. डोळे मिटून. मग दाराला हात लावला. बोटं थरथरत नव्हती.

त्याच्या आधीची एक गोष्ट राहिलीच. लेकीला घरी सोडलं तो दिवस. वायरमननं तोवर माझं यंत्र दुरुस्त केलं होतं. टाके ओले, तिला जिना उतरणं शक्य नव्हतं. मामा म्हणाले, "तू जिन्यानं ये. मी या दोघींना आणतो."

मामीनं नातीला छातीशी घेतलं. माझ्याकडे पाहिलं. "ही जाणार असेल तर मीपण जाणार," ती म्हणाली आणि उंबरठा ओलांडून आत आली. जन्मात पहिल्यांदा. डोळे घट्ट मिटलेले. मामांनी हँडल फिरवलं. मी त्या दिवशी खाली आले ती अशी, की बाळाची झोपसुद्धा मोडली नाही. तळमजल्यावर मामीनं एक डोळा उघडला. "पोचलो?" तिनं विचारलं.

ही गोष्ट तुम्हाला सांगायचं कारण म्हणजे आता माझा निरोप आहे. माझ्या जावेच्या जागी नवी लिफ्ट आली आहे. चकचकीत, बंद दाराची. तिच्यात स्टूल नाही, लिफ्टमन नाही. जास्त वजन झालं की ती स्वतःच ओरडते म्हणे. चांगलंच आहे. मला ओरडता येत नव्हतं. मामाही याच महिन्यात निवृत्त होतायत. उद्या वायरमन येऊन माझे दोर उतरवणार आहे. दोर नसलेली मी कशी असेन, मला कल्पना करवत नाही. फार भीती वाटते.

एक मागणं आहे. तुम्ही कोणाच्या दुःखात सामील व्हायला जाल, तेव्हा घाईत जागा करताना ज्याचं दुःख आहे त्यालाच बाहेर काढू नका. आठच माणसं मावत असतील तर त्यातला पहिला तो असू द्या. आणि आत जागा नसेल तर बाहेर राहून एखादी बाटली धरा. तेही सामील होणंच आहे.

आज दुपारी मामी आली होती. नातीला घरी ठेवून, एकटीच. माझ्यासमोर उभी राहिली आणि आपणहून आत चढली. डोळे उघडे ठेवून.

"एक फेरी मारा," ती मामांना म्हणाली. "नुसतीच."

पाचव्या मजल्यापर्यंत गेलो, तिघंच. वर जाताना तिनं छताकडे पाहिलं नाही, येताना पायांकडे पाहिलं नाही. वळण आलं तेव्हा बाहेरच्या गजांकडे पाहिलं. खाली आल्यावर मामांनी हँडल लगेच सोडलं नाही. पितळी मुठीवर तळवा ठेवून उभे राहिले. आजवर ते वाक्य त्यांनी सगळ्या जगाला सांगितलं होतं, मला कधी नाही.

"घाबरू नकोस," ते म्हणाले.

"कोणाला म्हणताय?" मामीनं विचारलं.

"दोघींना," मामा म्हणाले.